पक्षाघाताच्या धोक्याची चाळणी-तपासणी : सातपाटीच्या निमित्ताने

पक्षाघात अकस्मात येतो ही समजूत अर्धीच खरी आहे. झटका अकस्मात येतो. परंतु वाढलेल्या रक्तदाबाने रोहिण्यांच्या भिंती कित्येक वर्षे झिजत आलेल्या असतात, आणि रोग्याला त्याची बहुधा जाणीवही नसते. लक्षणे नसलेल्या माणसांतून धोका असलेली माणसे वेचून काढणाऱ्या चाळणी-तपासणीचे प्रयोजन हेच होय.

हा रोग केवळ नगरवासी सुखवस्तूंचा, असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाल्याचे आढळले. मृत्यूच्या कारणांत त्याचाच क्रमांक पहिला होता.

तपासणीची साधने कोणती, याविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. मानेतील रोहिण्यांचे ध्वनिलहरींनी घेतलेले चित्र पाहणाऱ्यावर छाप पाडते. तथापि लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांसाठी ही तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१४ मध्ये दिला व २०२१ मध्ये कायम केला; कारण तिच्या मागोमाग येणारी शस्त्रक्रिया स्वतःच पक्षाघात घडवू शकते. दंडाला पट्टा बांधून घेतलेले साधे मोजमाप अधिक उपयोगी ठरते. ईशान्य जपानमधील एका ग्रामीण वस्तीत १९६३ पासून रक्तदाबाची तपासणी, पाठपुरावा व आहारशिक्षण सातत्याने चालू राहिले, आणि तेथील पुरुषांतील पक्षाघाताचे प्रमाण तुलनेच्या वस्तीपेक्षा अधिक घटले.

पालघर तालुक्यातील सातपाटीसारख्या मच्छीमार गावी हे कसे साधावे? राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी अभिप्रेत असून आशा कार्यकर्ती घरोघर प्रश्नावली भरते. परंतु तांडेल व खलाशी अनेक दिवस समुद्रावर असतात. घरी भेटतात त्या स्त्रिया आणि वृद्ध. तेव्हा जून-जुलैमधील मासेमारीबंदीचा काळ, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, या कामास सर्वांत योग्य होय. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा एकदा आला म्हणून निदान होत नाही, तो निराळ्या दिवशी पुन्हा पाहावा लागतो. त्यालाही हे दोन महिने पुरतात.

आहाराविषयी विचारतानाही तारतम्य हवे. सुकी मासळी म्हणजे मीठ, असे सरसकट धरणे चुकीचे आहे. बोंबील बहुधा मिठाविनाच उन्हात वाळवतात. खारवलेल्या मासळीची गोष्ट वेगळी. हा भेद न करणाऱ्या प्रश्नावलीतून मिठाचा खरा अंदाज मिळणार नाही, आणि कोळीणबाई विचारणाऱ्याला हसेल ते निराळेच.

खरी अडचण ऑगस्टमध्ये सुरू होते. सापडलेल्या रोगावर उपचार उपलब्ध असला पाहिजे, हे तत्त्व विल्सन व युंगनर यांनी १९६८ मध्येच मांडले होते. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते, आणि ती घ्यावयाचा माणूस तर बंदी उठताच समुद्रावर जातो. म्हणून निदान महिन्याभराच्या गोळ्या एकदम हाती देणे आणि होडी परतेल त्या दिवशी, मग तो आरोग्यकेंद्राचा ठरलेला वार असो वा नसो, रक्तदाब पुन्हा मोजणे, ही व्यवस्था जूनपूर्वीच ठरलेली असावी लागेल.