उतारवय, त्वचा आणि बागेतील माती

पावसाळा सरला, की आपल्या मैदानी प्रदेशांत गुलाबाच्या छाटणीचा हंगाम येतो. निवृत्त माणसास याहून सुखाचे काम क्वचितच सापडेल. काटा बोचला, तर ‘एवढ्याशा जखमेचे काय!’ म्हणून तो हात कपड्यास पुसतो आणि पुन्हा कात्री उचलतो. घात होतो तो येथेच.

वयोमानाप्रमाणे त्वचा पातळ होते; तैलग्रंथींचा स्राव घटून ती कोरडी पडते, भेगाळते. जखमाही सावकाश भरतात. १८८४ साली आर्थर निकोलायर या जर्मन वैद्यकाने बागेतील माती प्राण्यांच्या त्वचेखाली घालून धनुर्वात उत्पन्न केला. १८८९ मध्ये कितासातो यांनी त्याचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. या जंतूची बीजुके मातीत व शेणखतात वर्षानुवर्षे टिकून राहतात. जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ती रुजतात. काट्याची जखम नेमकी तशीच असते.

लसीचे संरक्षण कालांतराने क्षीण होते. म्हणून दर दहा वर्षांनी पूरक मात्रा घ्यावी, असे सर्वसाधारणपणे सुचविले जाते. आजच्या कित्येक वृद्धांस तर ही लस बालपणी मिळालीच नसेल, कारण भारतातील व्यापक लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्यांनी छाटणीपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

काम करताना जाड हातमोजे घालावेत. जखम झाल्यास साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. तीवर माती वा शेण लावण्याचा जुना उपाय सर्वथा वर्ज्य समजावा. सायंकाळी कोमट पाण्याने हात धुऊन, ते ओलसर असतानाच थोडे खोबरेल चोळावे. मात्र काटा खोल रुतला असेल, तर तेलाची वाटी बाजूस ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.