शाळा बंद, हजेरी चालू

दक्षिण कोरियातली सरकारी प्राथमिक शाळा जानेवारीत सुनी असते. मुलं घरी, वर्गशिक्षक घरी, दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर बंद. कार्यालयात दोघंतिघं कर्मचारी, दाराशी पहारेकरी आणि शिक्षकांच्या खोलीत किंवा इंग्रजीच्या वर्गात एकच माणूस. तो कॅनडा, आयर्लंड किंवा दक्षिण आफ्रिकेहून आलेला इंग्रजीचा शिक्षक असतो. सकाळी साडेआठच्या सुमारास तो येतो आणि साडेचारला जातो. मधल्या आठ तासांत त्याच्यासमोर ना विद्यार्थी, ना तपासायच्या वह्या. तरी त्याने हजर राहायचं असतं, कारण तसं करारात लिहिलेलं असतं. या दिवसांना ही मंडळी ‘डेस्क वॉर्मिंग’ म्हणतात. कोरियात इंग्रजी शिकवायला गेलेल्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे या दिवसांची एखादी तरी हकिकत असते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, चैन आहे. पगार चालू, डोक्यावर साहेब नाही, खोलीत शांतता. प्रत्यक्षात या रिकाम्या दिवसांनी अनेकांना वर्गातल्या गोंगाटापेक्षा जास्त थकवलं आहे. याचं कारण या शिक्षकाची शाळेतली जागा कशी ठरवली गेली, त्यात आहे.

अध्यक्ष किम यंग-साम यांच्या काळात कोरियाने जागतिकीकरणाचा ध्यास घेतला. त्या धोरणातून 1995 मध्ये ‘एपिक’ ही सरकारी योजना सुरू झाली. सात इंग्रजीभाषक देशांतून पदवीधर आणायचे आणि सरकारी शाळांत नेमायचे, असं तिचं स्वरूप होतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे ते सात देश. 1997 मध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी विषय आला आणि परदेशी शिक्षकांची गरज वाढली. सोलभोवतालच्या ग्यंगगी प्रांताने पुढे स्वतःची वेगळी योजनाही चालवली.

योजना कुठलीही असो, कराराचा साचा साधारण सारखाच असतो. आठवड्याला 40 तास शाळेत हजेरी आणि त्यातले जास्तीत जास्त 22 तास शिकवणं. हा तास प्राथमिक शाळेत 40 मिनिटांचा, माध्यमिकमध्ये 45 चा आणि उच्च माध्यमिकमध्ये 50 चा. म्हणजे शाळा भरलेली असतानाही निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीवरच जातो. पण तो वेळ अंगावर येत नाही. पुढच्या तासाची तयारी असते, चित्रांचे तक्ते कापायचे असतात, मधल्या सुट्टीत मुलं डोकावतात, सोबतच्या कोरियन शिक्षिकेशी चार शब्द होतात. आपल्याकडे शिक्षक ज्याला ‘ऑफ तास’ म्हणतात, तसा तो असतो. सगळा दिवसच ऑफ झाला की गोष्ट बदलते.

असे दिवस किती, याचा हिशेब सोपा आहे. कोरियात शाळेचे किमान 190 दिवस भरावे लागतात. शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळल्या तर वर्षात कामाचे दिवस 245 ते 250 च्या घरात राहतात. परदेशी शिक्षकाला अलीकडच्या करारांनुसार 26 दिवसांची पगारी रजा मिळते आणि ती बहुतेक शाळेच्या सुट्टीतच घ्यावी लागते. वजाबाकी केली की तीसएक दिवस हातात उरतात. मुलं शाळेत नाहीत, शिक्षकाची रजाही संपलेली आहे, असे हे दिवस. त्यातले काही उन्हाळी आणि हिवाळी ‘इंग्लिश कॅम्प’मध्ये जातात. हा कॅम्प एखाद्या आठवड्याचा किंवा दोन आठवड्यांचा, हौशी मुलांचा, खेळ-गाणी-नाटुकल्यांचा. ज्या शाळेत मुलंच कमी आहेत, तिथे कॅम्प दोन-चार दिवसांत आटपतो. उरलेले दिवस खुर्ची आणि तिच्यावरचा माणूस.

मग कोरियन शिक्षक का येत नाहीत? हा प्रश्न प्रत्येक परदेशी शिक्षकाला पहिल्या हिवाळ्यात पडतो, आणि बरेचजण त्यामागे दुजाभाव पाहतात. खरं कारण कायद्यात आहे. कोरियाच्या शैक्षणिक लोकसेवक कायद्याच्या 41 व्या कलमानुसार, अध्यापनाला बाधा येत नसेल तर शिक्षकाला संस्थाप्रमुखाच्या मान्यतेने शाळेबाहेर, दुसऱ्या ठिकाणी अभ्यास-प्रशिक्षण करता येतं. सुट्टी लागण्यापूर्वी शिक्षक त्यासाठी अर्ज करतात, मुख्याध्यापक मंजुरी देतात, आणि कागदोपत्री ते त्या काळात प्रशिक्षणावर असतात. कुणी खरंच अभ्यासक्रम करतो, कुणी घरी वाचतो, कुणी मुलाबाळांत रमतो. पूर्वी सुट्टीतही कोरियन शिक्षकांना आळीपाळीने शाळेत थांबावं लागे. शिक्षक संघटनांनी लढून ती पद्धत अनेक प्रांतांत बंद करवली. परदेशी शिक्षक मात्र लोकसेवक नाही, तो कंत्राटी. त्याला 41 वं कलम लागू होत नाही. त्याच्यासाठी कायदा म्हणजे त्याचा करार, आणि करार तासांचा आहे. शिक्षण विभागाच्या बाजूने पाहिलं तर यात अन्याय्य काही नाही. पैसा जनतेचा, तास ठरलेले, ते भरून घेणं त्यांचं कर्तव्य. पण त्या तासांत काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे.

कारण हा शिक्षक मुळात सहायक म्हणून नेमलेला असतो. वर्गात त्याच्यासोबत कोरियन शिक्षक असावा, अशी अपेक्षा असते. तो वर्गशिक्षक नसतो, मुलांच्या नोंदी करत नाही, पालकसभा घेत नाही. शाळेचे सगळे कागद कोरियनमध्ये, संगणकावरची नोंदप्रणालीही कोरियनमध्ये. त्यामुळे वर्ग सुटला की त्याच्यापाशी काम येतच नाही. चाचणी परीक्षांच्या दिवसांत हे ठळकपणे दिसतं. माध्यमिक शाळेत तीन-चार दिवस परीक्षा चालते, मुलं दुपारी घरी जातात, कोरियन शिक्षक पर्यवेक्षणात आणि पेपर तपासण्यात बुडालेले असतात, आणि हा आपल्या टेबलाशी. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा असते. इंग्रजी श्रवणचाचणीच्या वेळी देशभरातली विमानांची उड्डाणं आणि उतरणं 35 मिनिटं थांबवतात. मुलांना नीट ऐकू यावं म्हणून विमानं थांबवणारा देश इंग्रजीला किती मोजतो, हे त्यातून कळतं. त्याच दिवशी इंग्रजीच्या परदेशी शिक्षकाला मात्र बहुतेक ठिकाणी काही काम नसतं.

हिवाळ्यातलं डेस्क वॉर्मिंग शरीरालाही जाणवतं. सोलमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या बऱ्याच खाली जातो, आणि गांगवन प्रांताच्या डोंगराळ भागात त्याहूनही. सरकारी इमारतींत वीज वाचवण्याचे नियम कडक आहेत. हिवाळ्यात खोली 18 अंशांच्या वर तापवायची नाही, उन्हाळ्यात 28 च्या खाली थंड करायची नाही, असा दंडक वर्षानुवर्षं चालत आला. 2022 च्या हिवाळ्यात तर ही मर्यादा 17 वर आणली होती. जुन्या शाळांतल्या व्हरांड्यांत आणि स्वच्छतागृहांत तापवण्याची सोयच नसते. एका माणसासाठी अख्ख्या मजल्याची यंत्रणा चालवायला कार्यालय राजी नसतं. मग जाड कोट अंगावर ठेवूनच दिवस काढायचा, पायाशी विजेची छोटी शेगडी, हातमोज्यांची बोटं कापून टंकलेखन. जेवणाची तीच तऱ्हा. शाळेचं सकस, गरम जेवण ही कोरियन शाळेतली मोठी सुखाची गोष्ट, पण सुट्टीत ती बंद असते. डबा आणायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून किम्बाप घ्यायचं, किंवा कार्यालयातली मंडळी काळ्या सोयाबीन रशातल्या नूडल्स मागवत असतील तर त्यांच्यात सामील व्हायचं. अनेकांची कार्यालयातल्या लोकांशी खरी ओळख या जेवणातच झाली आहे. एरवी वर्षभर ती माणसं फक्त नमस्कारापुरती भेटतात.

या तासांत लोक काय करतात? पहिल्या आठवड्यात बहुतेकजण मालिका पाहतात. शाळेच्या संगणकावर बऱ्याच संकेतस्थळांना बंदी असते, म्हणून घरून स्वतःचा लॅपटॉप येतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचा कंटाळा येतो, आणि माणसाचा पिंड दिसायला लागतो. कुणी पुढच्या सत्राचे सगळे धडे बांधून ठेवतो. कुणी आपल्या देशातल्या विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणाने करतो. कुणी संगणकाची भाषा शिकून पुढे तो व्यवसायच धरतो. कुणी कादंबरी लिहितो.

सर्वांत चांगला उपयोग मला वाटतो तो कोरियन शिकण्याचा. राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झालेली आणि 1446 मध्ये जाहीर झालेली हंगुल लिपी इतकी नेटकी आहे की थोड्या दिवसांत अक्षरं वाचता येतात. त्यानंतरचा रस्ता लांब असतो, आणि त्यासाठी लागणारे सलग, निवांत तास या खुर्चीवरच मिळतात. सरकारचा ‘सामाजिक एकात्मता कार्यक्रम’ आहे. त्यात भाषा आणि समाजपरिचयाचे टप्पे पार केले की दीर्घ मुदतीच्या निवासी परवान्यासाठी गुण मिळतात. जे शिक्षक एका वर्षासाठी आले आणि तिथलेच झाले, त्यांच्यातल्या बऱ्याचजणांचा पाया अशा थंड जानेवारीत घातला गेला आहे. मराठी माणसाला या भाषेत एक आपुलकीची गोष्ट सापडते. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि नामामागून लागणारे प्रत्यय. ‘मी शाळेत जातो’ हे वाक्य कोरियनमध्ये याच क्रमाने येतं. इंग्रजीभाषकाला जे उलटं चालल्यासारखं वाटतं, ते आपल्याला सरळ वाटतं.

पण हे ज्याला जमतं त्याला जमतं. एकटेपणाची बाजूही सांगायला हवी. कोरियात सरकारी शिक्षकांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या होतात, आणि त्या फेब्रुवारीत जाहीर होतात, कारण नवं शालेय वर्ष 1 मार्चपासून धरलं जातं. वर्षभर ज्या सहशिक्षिकेने बँकेपासून दवाखान्यापर्यंत हात धरून नेलं, ती फेब्रुवारीच्या अखेरीस टेबल आवरून दुसऱ्या शाळेत जाते. खोलीत सगळीकडे खोकी, नवे चेहरे, जागांची अदलाबदल. परदेशी शिक्षक तिथेच बसलेला असतो आणि त्याला बरेचदा हे सर्वांत शेवटी कळतं, कारण सूचना कोरियनमध्ये फिरलेली असते. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराला हे दिवस जड जातात. यावर उपाय अवघड नाही. ज्या शाळांनी सुट्टीत या शिक्षकाकडून शाळेच्या इंग्रजी ग्रंथालयाची मांडणी करून घेतली, कोरियन शिक्षकांसाठी संभाषणाचा तास ठेवला, किंवा नव्या वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत शेजारी दुभाष्या बसवून त्याला बोलावलं, तिथे तोच शिक्षक पुढच्या वर्षी करार वाढवून घेतो.

2020 मध्ये तर अख्खा देश या खुर्चीत बसला. करोनामुळे 2 मार्चला उघडणाऱ्या शाळा पुढे पुढे ढकलत 9 एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने ऑनलाइन सुरू झाल्या. मधल्या काळात अनेक परदेशी शिक्षक मास्क लावून रिकाम्या शाळेत बसून होते. त्याच काळात कित्येकांना ध्वनिचित्रफितींतून धडे बनवण्याचं काम मिळालं. एरवी जे सहायक होते, त्यांचा आवाज घराघरांत गेला.

आता हे चित्र बदलतं आहे. बऱ्याच शाळांनी हिवाळी सुट्टीनंतर फेब्रुवारीत भरणारा तुटक आठवडा काढून टाकला असून दुसरं सत्र जानेवारीच्या सुरुवातीलाच संपवलं आहे. मुलांना सलग सुट्टी मिळाली, आणि परदेशी शिक्षकाचे रिकामे दिवसही सलग झाले. त्याहून मोठा बदल लोकसंख्येचा आहे. 2023 मध्ये कोरियाचा जननदर 0.72 पर्यंत उतरला. खेड्यांतल्या शाळांत एकेका वर्गात पाच-सात मुलं उरली आहेत. तिथे एकच शिक्षक आठवड्यात दोन-तीन किंवा त्याहून जास्त शाळा फिरतो आणि सुट्टीत मुख्य शाळेत हजेरी लावतो.

भारतीयांसाठी यात एक दार आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्या सात देशांबाहेरचे असूनही इंग्रजी विषय आणि अध्यापनाची मान्य पात्रता असलेल्या भारतीयांना त्याअन्वये सहायक शिक्षक म्हणून परवाना मिळू शकतो. हे दार अरुंद आहे. पण पुण्या-मुंबईतले बी.एड. झालेले तरुण याची चौकशी करताना पगार आणि घरभाडं विचारतात, तेवढ्यावर थांबू नये. मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मुख्य शाळा कोणती आणि फिरतीच्या शाळा किती. रजेचे दिवस सलग घेता येतात का. आणि कॅम्प संपल्यावरच्या आठवड्यांत शाळा तुम्हाला काय काम देते. तिसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं, तर त्या शाळेने आधीच्या शिक्षकाला आपल्यातलं मानलं होतं असं समजायला हरकत नाही. उत्तर आलं नाही, तर बॅगेत कोरियन व्याकरणाचं पुस्तक आणि लोकरीचे मोजे जास्त घ्यावेत.