दुतोंडी चुलीतील उष्णता-संक्रमण आणि सुरक्षिततेची मानके : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात स्वयंपाकाचा गॅस पोहोचला असला, तरी कापसाच्या पऱ्हाट्या व तुराट्या शेतातूनच मिळत असल्याने अनेक घरांतील मातीची चूल अद्याप विझलेली नाही. या चुलीला बहुधा वैल जोडलेला असतो. मुख्य तोंडावर भाकरी व वैलावर वरण, असे एकाच जाळावर दोन पदार्थ सिद्ध होतात.

मुख्य तोंडावरील तव्यासमोर ज्योत व निखारे थेट असतात, म्हणून तेथे प्रारणाचा वाटा मोठा असतो. प्रारित उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असल्याने जाळ किंचित मंदावताच तव्याचा ताव उतरतो. वैलापर्यंत मात्र मुख्यतः आतल्या भोकातून येणारे उष्ण वायूच पोहोचतात व भांड्याच्या बुडाला घासून जातात; तेथील उष्णता बहुतांशी अभिसरणाने मिळते. त्यामुळे वैलावर वरण शिजते, दूध तापते, पण भाकरी भाजत नाही. गृहिणींनी ही विभागणी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाविना फार पूर्वीच केलेली आहे. चुलीची जाड भिंत वहनाने बरीच उष्णता शोषून घेते, ही हानी वेगळीच.

खरी अडचण अशी की, वैलाला उष्णता देणारा वायू आणि घरात पसरणारा धूर एकच होय. भांडे व काठ यांतील फट अरुंद केल्यास उष्णता अधिक मिळते. परंतु ती फार अरुंद झाली, की ओढ कमी होऊन कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण पुढच्या तोंडातून स्वयंपाकघरात येतात. धुराड्याने धूर बाहेर जातो, मात्र ओढ अति झाल्यास जादा थंड हवा आत शिरून कार्यक्षमता घटते. १९८३-८४ ते २००२ या काळात राबविलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातील धुराड्याच्या चुलींपुढे हाच पेच होता. पुण्याच्या 'आरती' या संस्थेची दोन तोंडांची 'लक्ष्मी' चूल याच प्रयत्नांपैकी एक.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१५२ (भाग १) : २०१३ नुसार नैसर्गिक ओढीच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी लागते. भांड्यास मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड ५ ग्रॅमपेक्षा आणि कणरूप प्रदूषके अनुक्रमे ३५० व १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावीत. गॅसच्या शेगडीसाठी आयएस ४२४६ मध्ये किमान कार्यक्षमता ६८ टक्के आहे. परंतु आयएस १३१५२ चा हा भाग सुवाह्य चुलींपुरता आहे. जमिनीत रोवलेली वैलाची चूल त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय ही चाचणी पाणी तापवून होते, तव्यावरील भाकरीचा हिशेब तीत नाही. स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही, हेही प्रयोगशाळेतील आकड्यांवरून कळत नाही.

वैलाच्या चुलीची चाचणी घ्यावयाची झाल्यास दोन्ही भांड्यांतील पाण्याचे वजन व तापमान स्वतंत्रपणे नोंदवावे लागेल. भाकऱ्या चालू असताना वैल किती वेळ रिकामा राहतो, हे प्रत्यक्ष घरांतच मोजावे लागेल. कारण त्या वेळात वैलाच्या उघड्या तोंडातून उष्णता व धूर दोन्ही सरळ घरात येतात.