सा ते ग किती?

आमची पेटीची शिकवणी भिवंडीत कामतघरला भरते, वऱ्हाळा तलावापासून जवळच. खोलीच्या खाली साचेखाना, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे. साचे चालू असले की सतरंजीखालची फरशीसुद्धा थरथरते. अशाच एका संध्याकाळी आठवीतल्या मुलीनं वही पुढे केली आणि विचारलं, "सर, सा ते ग किती अंतर?"

मी बोलायच्या आत उत्तरं आली. कोपऱ्यात पखवाजाला कणीक लावत बसलेले बुवा म्हणाले, "तीन. सा, रे, ग. बोटं मोज." गिटार शिकणारा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "तीन कसे? चार." संगीताची पाचवी परीक्षा झालेल्या मुलीनं पाठ केलेलं सांगितलं, "सात श्रुती." आणि पद्मानगरहून येणारा तेलुगू मुलगा हळूच म्हणाला, "पण सर, कुठला ग?"

वाद तासभर चालला. बुवा चिडले, गिटारवाला अडून बसला, आणि जिनं प्रश्न विचारला तिची वही कोरीच राहिली. मला माझी संगीताची तोंडी परीक्षा आठवली. प्रश्न हाच होता. मीही "तीन" म्हणालो होतो. परीक्षकांनी मान हलवली, "दोन" म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. दोन कसे, हे त्यांनी सांगितलं नाही. ती गोष्ट मला पुढे कित्येक वर्षं सलत होती. म्हणून त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वेगळं बोलावलं, आणि जे तिला सांगितलं तेच इथे लिहितो आहे.

आधी बुवांचे तीन. बुवा निघतात तो सूर धरून मोजतात आणि पोचतात तो सूरही धरतात. ही रीत आपल्याला परकी नाही. सोमवारी कुणी म्हणालं, "आठ दिवसांनी येतो," तर तो पुढच्या सोमवारीच येतो. त्यात दिवस सातच जातात, पण दोन्ही सोमवार धरले की आठ. म्हणून तर सात दिवसांचा आठवडा आणि चौदा दिवसांचा पंधरवडा. पाश्चात्त्य संगीतात नेमकं हेच झालं आहे. तिथे सा ते ग हे अंतर 'थर्ड', म्हणजे तिसरं. सा ते प 'फिफ्थ', म्हणजे पाचवं. आणि सा ते वरचा सा 'ऑक्टेव्ह', म्हणजे आठवं. आपण त्याच टप्प्याला सप्तक म्हणतो, कारण आपण वरचा सा पुढच्या सप्तकात टाकतो. त्यांनी आठवड्यासारखं मोजलं, आपण वारांसारखं.

या रीतीत एक अडचण आहे आणि मुलं हमखास तिथे अडतात. सा ते ग तीन, ग ते प तीन, मग सा ते प सहा हवेत. ते भरतात पाच, कारण मधला ग दोनदा मोजला गेला. माझ्या परीक्षकांचे 'दोन' इथून आलेले होते. ते सूर मोजत नव्हते, सुरांमधल्या उड्या मोजत होते. सा वरून रे, रे वरून ग: उड्या दोनच. हे साच्यावर काम करणाऱ्याला लगेच कळतं. माझे वडील जॉबर, म्हणजे साचे दुरुस्त करणारे होते. फणीचे दात मोजणं वेगळं आणि दातांमधली घरं मोजणं वेगळं, हे त्यांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. (साच्याच्या फणीलाही इंग्रजीत रीड म्हणतात आणि पेटीतल्या सुराच्या पितळी पट्टीलाही रीड. माझं सगळं आयुष्य या दोन रीडच्या मध्ये गेलं.)

गिटारवाल्याचे चार हे पेटीवर बोट ठेवलं की दिसतात. काळी एकवर सा धरा. तिथून पुढे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीनं दाबत गेलं की चौथ्या पट्टीला शुद्ध ग येतो: कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग. सप्तकाचे बारा भाग, त्यातले चार. गिटारवर पडदे मोजले तरी हेच उत्तर. पट्टी बदलायची असेल, गाणं काळी एकवरून काळी चारवर न्यायचं असेल, तर याच मोजणीचा खरा उपयोग होतो.

पद्मानगरच्या मुलाचा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांत खोल होता आणि त्याच्याकडेच कुणी लक्ष दिलं नाही. भिवंडीत यंत्रमागावर आलेली तेलुगू पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात. या मुलाच्या घरात कर्नाटक पद्धतीचं गाणं आहे. त्या पद्धतीत आपल्या कोमल ऋषभाला शुद्ध ऋषभ म्हणतात. आपल्या शुद्ध ऋषभाच्या जागेला चतुःश्रुती ऋषभ असं नाव आहे आणि त्याच जागेला काही रागांत शुद्ध गंधारही म्हणतात. आपला शुद्ध गंधार म्हणजे त्यांचा अंतर गंधार. म्हणजे 'शुद्ध ग' हा एकच शब्द म्हटला, तर आमच्या घरी चौथ्या पट्टीवर बोट जातं आणि त्याच्या घरी दुसऱ्या. त्याच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी नावालाच अंतर समजलं होतं.

आता सात श्रुती. इथे मात्र महाराष्ट्रातले मोठे मोठे लोक भांडले आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांचे बारीक टप्पे, सांगितल्या आहेत: सा, म, प यांना चार-चार, रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन. जुन्या ग्रंथांत स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. तसं मोजलं तर सा चौथ्या श्रुतीवर, ग नवव्या श्रुतीवर, अंतर पाच, आणि तो ग आपल्या कोमल गंधाराच्या जवळचा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर बसवले, म्हणजे आजचा बिलावल हे शुद्ध सप्तक जुळेल. त्यांच्या मांडणीत सा पहिल्या श्रुतीवर, ग आठव्या श्रुतीवर, अंतर सात. पाचवी परीक्षा झालेल्या मुलीनं पाठ केलेले सात हे भातखंड्यांचे सात. भरताला विचारलं असतं तर पाच मिळाले असते.

बावीस श्रुती एकसारख्या की लहानमोठ्या, हा वाद तर आणखी तापला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं आणि प्रत्येक श्रुतीला तारेच्या मापानं गुणोत्तर दिलं. जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी त्यांची बाजू घेतली, १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि श्रुतींची पेटीही पुढे आणली. भातखंड्यांना हे पटलं नाही. १९१६ साली बडोद्यात संगीत परिषद भरली तिथेही हा वाद गेला. रोजच्या गाण्याला बारा स्वर पुरतात, हा भातखंड्यांचा आग्रह होता. बारा पक्क्या स्वरांच्या पेटीवरचा राग पुढेही शमला नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटी बंद केली आणि तीस वर्षांनंतर, १९७१ मध्ये तिला पुन्हा दार थोडं उघडलं. आमच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. सा आणि प अचल, बाकीच्या दहा स्वरांना दोन-दोन जागा. म्हणजे देवलांनी उघडलेला प्रश्न शंभर वर्षांनीही कुणाला तरी झोपू देत नव्हता.

वही घेऊन आलेल्या त्या मुलीला मी हे सगळं नुसतं तोंडी सांगत बसलो नाही. एका फळीवर छत्तीस इंच तार ताणली. अर्ध्यावर, अठरा इंचांवर बोट ठेवलं: वरचा सा. चोवीसवर प. सत्तावीसवर म. हे तिनं स्वतः ऐकलं आणि हसली. मग ग शोधायला लावलं. तारेचे पाच भाग करून चार वाजते ठेवले की २८.८ इंचांवर एक ग मिळतो. हाच ग चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भातखंड्यांचा ग २८ पूर्णांक २/३ इंचांवर येतो. पेटीचा ग त्याहून थोडा वर, २८.५७ इंचांच्या आसपास. सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला, तर पहिला ग ३००, दुसरा ३०१ आणि १७/४३, तिसरा सुमारे ३०२.४. परीक्षेच्या पुस्तकात पहिले दोन आकडे वेगवेगळ्या कोष्टकांत असतात आणि मुलं ते तसेच पाठ करतात. तारेवर हे तिन्ही गंधार पाव इंचाच्या आत बसतात. त्या पाव इंचासाठी पुस्तकं लिहिली गेली, परिषदा भरल्या, आणि एक वाद्य तीस वर्षं आकाशवाणीबाहेर राहिलं.

माझं मत विचाराल तर मी तंबोऱ्याच्या बाजूचा आहे, आणि हे मी पेटी शिकवून सांगतो. अंतर आधी कानाला कळलं पाहिजे. सा धरून ठेवला आणि ग त्यात विरघळला की मुलाला कळतं की दोन सुरांचं नातं काय असतं. आकडा नंतर येतो, आणि तो काय मोजतो यावर ठरतो: सूर मोजले तर तीन, उड्या दोन, पट्ट्या चार, श्रुती पाच किंवा सात, तार मोजली तर पाचास चार. बुवा चुकले नव्हते, गिटारवाला चुकला नव्हता, आणि माझे परीक्षकही चुकले नव्हते. फक्त कुणीच सांगितलं नाही की आपण काय मोजतो आहोत.

म्हणून संगीताच्या परीक्षा घेणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या गल्लीतल्या शिकवण्या चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रश्नपत्रिकेत 'सा ते ग अंतर सांगा' एवढंच लिहू नका. सूर, पट्ट्या की श्रुती, आणि श्रुती तर कुणाच्या मांडणीतल्या, ते त्याच ओळीत छापा.