मुलाखतीतील प्रश्न : अधिकार आणि मर्यादा

तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेच्या कार्यालयात लिपिकाच्या पदासाठी मुलाखती चालू आहेत, असे क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. पहाटेची एस. टी. पकडून आलेली, प्रमाणपत्रांची पिशवी सांभाळीत बाकावर बसलेली एक तरुणी आत बोलावली जाते. संगणक-टंकलेखन आणि हिशेब यांविषयी दोन प्रश्न होतात न होतात, तोच एक सदस्य विचारतात, "लग्न केव्हा करणार?" दुसरे म्हणतात, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही कशावरून?" तिसरे आडनाव वाचून विचारतात, "म्हणजे आपण मूळच्या कुठल्या? समाज कोणता?"

प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात कदाचित दुष्टावा नसेल. आपल्याकडे प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही गाव, घराणे, मुलेबाळे विचारण्याची रीत आहे. परंतु प्रवासातील गप्पा आणि मुलाखत यांत मोठे अंतर आहे. प्रवाशाला उत्तर टाळता येते. उमेदवाराला ते टाळता येत नाही. उत्तर न दिल्याची किंमत नोकरीने मोजावी लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. म्हणूनच मुलाखतीत काय विचारावे आणि काय विचारू नये, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे. निवड समितीवर बसणारे अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि स्थानिक संस्थांचे पदाधिकारी यांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मुलाखतीचे प्रयोजन

लेखी परीक्षेतून ज्ञान कळते. परंतु विचारांची स्पष्टता, प्रसंगावधान, लोकांशी बोलण्याची हातोटी हे गुण कागदावर पुरेसे उमटत नाहीत. ते पाहण्यासाठी मुलाखत असते. याचा अर्थ असा की, मुलाखत पदासाठी असते, उमेदवाराच्या खासगी आयुष्यासाठी नव्हे. पदाच्या कर्तव्यांशी ज्याचा संबंध जोडता येत नाही, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार समितीला पोहोचत नाही.

अनुचित प्रश्नांचे मूळ बहुधा एखाद्या गृहीतकात असते. विवाहित स्त्री रजा फार घेईल, अपंग व्यक्तीला काम झेपणार नाही, अमुक वस्तीतला तरुण विश्वासाचा नसेल, अशी ही गृहीतके होत. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा मोडीत काढला. तथापि पारधी समाजातील तरुणाकडे आजही संशयाने पाहिले जाते. कायदा गेला तरी गृहीतक मागे राहते, आणि मुलाखतीच्या बंद खोलीत ते प्रश्नाचे रूप घेऊन पुढे येते.

राज्यघटना आणि कायदे

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने सार्वजनिक सेवेत सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिली आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास या कारणांवरून कोणत्याही नागरिकास शासकीय पदासाठी अपात्र ठरविता येत नाही. मागासवर्गीयांसाठी असलेले आरक्षण या तत्त्वाच्या विरुद्ध नाही. तथापि आरक्षणाचा दाखला तपासणे हे कागदपत्रे पडताळणाऱ्या शाखेचे काम आहे. मुलाखतीच्या टेबलावर जातीची चौकशी करण्यास ते निमित्त होऊ शकत नाही.

नोकरी व व्यवसाय यांतील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा करार भारताने १९६० मध्ये मान्य केला. १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान कामासाठी समान वेतन तर दिलेच, पण अशा कामांच्या भरतीतही स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. हेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले आहे. २०१६ च्या कायद्याने अपंग व्यक्तींना शासकीय सेवेत भेदभावापासून संरक्षण दिले. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी केली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अनुच्छेद १६ चे बंधन शासनावर व शासकीय स्वरूपाच्या संस्थांवर आहे. खासगी मालकाला ते थेट लागू होत नाही. त्याला वर सांगितल्यासारखे विशिष्ट कायदे बांधून घेतात. म्हणून खासगी क्षेत्रात कायद्याइतकीच सदसद्विवेकाची आवश्यकता आहे.

न्यायालयाचे मार्गदर्शन

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे प्रत्येक निवड समितीने जाणून घ्यावेत असे आहेत.

परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे सेवानियमांचा प्रश्न आला. स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची लेखी अनुमती घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास लावता यावे, अशी तरतूद त्या नियमांत होती. संसाराची जबाबदारी कामाच्या आड येऊ शकत असेल, तर ती पुरुषाच्याही आड येऊ शकते. मग बंधन एकट्या स्त्रीवरच का, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. मुलाखतीत फक्त स्त्रियांनाच संसाराविषयी प्रश्न विचारणाऱ्यांनाही हाच सवाल लागू पडतो.

दुसरा निवाडा १९९१ चा. भारतीय आयुर्विमा महामंडळात सहायक पदावर एका महिलेची निवड झाली. नेमणुकीपूर्वी तिच्याकडून एक घोषणापत्र भरून घेण्यात आले होते. मासिक पाळी नियमित आहे काय, शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली, गर्भधारणा किती वेळा झाली, गर्भपात झाला होता काय, असे रकाने त्यात होते. परिवीक्षेच्या काळात ती प्रसूती रजेवर गेली आणि त्यानंतर तिला सेवामुक्त करण्यात आले. पाळीच्या तारखेविषयी तिने खोटी माहिती दिली, असे कारण पुढे करण्यात आले. उच्च न्यायालयात तिला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिला पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. स्त्रीच्या लज्जेला व स्वाभिमानाला धक्का देणारे हे रकाने घोषणापत्रातून काढून टाकावेत, असेही न्यायालयाने बजावले.

या प्रकरणातील बोध खोल आहे. तिच्या कामाविषयी कोणतीही तक्रार नव्हती. जो प्रश्न विचारावयासच नको होता, त्याच्या उत्तरावरून तिची उपजीविका हिरावली गेली होती. अनुचित प्रश्नाने होणारी हानी खोलीतल्या संकोचापुरती राहत नाही. ती अशी दूरवर पोहोचते.

तिसरा निवाडा प्रवेशासाठीच्या मुलाखतीचा असला तरी नोकरीसही तितकाच उपयुक्त आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटे चालली आणि प्रश्न घराणे व निवासस्थान यांविषयीच होते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. १९८० च्या या निकालात न्यायालयाने एवढे गुण मुलाखतीस ठेवणे मनमानीचे ठरविले, अशा प्रवेशात १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीस नसावेत असे म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याची सूचना केली. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ स्तरावरील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. परंतु जेथे मुलाखती आहेत, तेथे प्रश्नांची शिस्त राखावीच लागेल.

प्रश्न कसा पारखावा

यासाठी एक साधी कसोटी आहे. हा प्रश्न पदाच्या कोणत्या कर्तव्याशी निगडित आहे? आणि तो प्रत्येक उमेदवाराला, स्त्रीला आणि पुरुषाला, सारख्याच शब्दांत विचारता येईल काय? दोन्ही उत्तरे समाधानकारक नसतील तर प्रश्न सोडून द्यावा.

पुष्कळदा प्रश्नामागील काळजी रास्त असते, पण प्रश्न चुकीचा असतो. "मुले कोण सांभाळणार?" असे विचारण्याऐवजी "या पदावर महिन्यातून काही दिवस फिरती करावी लागते, ती आपणास शक्य आहे काय?" असे सर्वांना विचारावे. "पायाला काय झाले?" असे न विचारता "हे काम आपण कोणत्या रीतीने कराल, त्यासाठी काही सोय लागेल काय?" असे विचारावे. "आपण कोणत्या पक्षाचे?" याऐवजी "परस्परविरोधी गटांचे लोक एकाच वेळी कामासाठी आले तर कसे वागाल?" हा प्रश्न कितीतरी अधिक सांगून जातो. मराठीच्या ज्ञानाची चौकशी पदाच्या गरजेनुसार जरूर व्हावी. मातृभाषा कोणती, ही चौकशी मात्र अनावश्यक होय. प्रकृतीची तपासणी आवश्यक असेल तेथे ती निवडीनंतर वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी; तो समितीच्या सदस्यांचा प्रांत नव्हे.

समितीचे कर्तव्य

मुलाखतीच्या आदल्या दिवशीच पदाची कर्तव्ये कागदावर लिहून, त्यांवरून प्रश्नांचा आराखडा व गुणांची विभागणी ठरवावी. मूळ प्रश्न सर्वांना समान असावेत. प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्याच्या मुलाखतीत त्या सदस्याने भाग घेऊ नये. हे तत्त्व हरियाणा लोकसेवा आयोगासंबंधीच्या १९८५ च्या निवाड्यातही सांगितले आहे. समितीवर महिला सदस्य असावी.

सर्वांत मोठी जबाबदारी अध्यक्षांची. एखाद्या सदस्याने भलताच प्रश्न विचारल्यास "हा प्रश्न पदाशी संबंधित नाही, याचे उत्तर देण्याची आवश्यकता नाही" असे अध्यक्षांनी तेथल्या तेथे सांगावे. सहकाऱ्याचा मान राखण्यासाठी उमेदवाराचा अपमान पोटात घालणे योग्य नव्हे.

उमेदवाराने काय करावे

उमेदवाराने अशा वेळी गोंधळून जाऊ नये. प्रश्नामागे कामाविषयीची शंका असेल तर तिचे उत्तर द्यावे. "कामाच्या वेळा व फिरती मी सांभाळू शकेन" एवढे पुरे होते. मुलाखतीनंतर दिनांक, वेळ व प्रश्नाचे शब्द लिहून ठेवावेत आणि नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. शासकीय आस्थापनेत आपले गुण माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागता येतात. प्रश्न लैंगिक स्वरूपाचा असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा उपयोगी पडतो. पीडित महिला त्या ठिकाणी नोकरीस असलीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. आस्थापनेच्या अंतर्गत समितीकडे अथवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही माहिती आवर्जून द्यावी.

एका जागेसाठी अनेक अर्ज येतात. निवड एकाचीच होते. बाकीचे निराश होऊन परततात, हे अटळ आहे. परंतु ते अपमानित होऊन परतू नयेत, एवढे तर समितीच्या हाती आहे. "माझ्यापेक्षा अधिक लायक उमेदवार होता" असे समजून परतणारा तरुण पुन्हा अभ्यासाला लागतो. आपल्या जातीमुळे, गावामुळे किंवा स्त्री असल्यामुळे दार बंद झाले, असे ज्याला वाटते, त्याचा संस्थेवरचाच नव्हे तर व्यवस्थेवरचाही विश्वास उडतो. तो विश्वास टिकविणे हे टेबलाच्या त्या बाजूस बसणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.