वाचकांची मते : एका अद्भुत कादंबरीच्या निमित्ताने

घरात एखादे पुस्तक दोघांनी वाचले की त्याविषयी तीन मते होतात, असा माझा अनुभव आहे. तिसरे मत ज्याने ते पुस्तक वाचलेले नसते त्याचे असते, आणि बहुधा तेच सर्वांत मोठ्या आवाजात मांडले जाते. वाचकाने पुस्तकाविषयी आपले मत कसे द्यावे व दुसऱ्याचे कसे ऐकावे, याविषयी आज मला आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. तेव्हा हे टीकाशास्त्रावरील व्याख्यान नव्हे. आयुष्यभर मुलांना वाचावयास शिकविलेल्या एका मास्तरचे हे अनुभवाचे बोल आहेत, इतकेच समजावे.

उदाहरणासाठी मी जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज ग्रंथकाराच्या अद्भुत कादंबऱ्या निवडल्या आहेत. टॉल्किन यांचा जन्म १८९२ साली व मृत्यू १९७३ साली झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. शब्दांची कुळे शोधण्यात रमणाऱ्या या गृहस्थाने ‘द हॉबिट’ व ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या दोन कथांमागे एक संपूर्ण काल्पनिक सृष्टीच उभी केली. तिच्यातील पर्वत, नद्या, राजवंश, पंचांगे, इतकेच नव्हे तर भाषाही स्वतः रचल्या. दुसऱ्या कथेचा गाभा थोडक्यात असा : एका दुष्ट सत्ताधीशाने घडविलेली मुद्रिका हॉबिट नावाच्या ठेंगण्या व सुखवस्तू जमातीच्या हाती येते. जो ती जवळ बाळगील त्याचे मन ती हळूहळू पोखरून टाकते. म्हणून तिच्या बळावर जग जिंकण्याचा मोह टाळून, ज्या अग्निपर्वतात ती घडली तेथेच नेऊन तिचा नाश करण्याचे काम फ्रोडो नावाच्या एका साध्या जिवावर येऊन पडते. ही कथा मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आली आहे. माझ्या नातवाने ती आग्रहाने माझ्या हाती दिली, आणि त्यामुळेच आजच्या भाषणाचा हा विषय मला सुचला.

टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’विषयी प्रकाशकाकडे जे मत प्रथम पोहोचले त्यांपैकी एक दहा वर्षांच्या मुलाचे होते. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांची अशी समजूत होती की, मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच उत्तम करावी. त्यांचा मुलगा रेनर याने असे हस्तलिखित वाचून लेखी अभिप्राय दिला म्हणजे ते त्याला एक शिलिंग देत. १९३६ साली रेनरने ‘द हॉबिट’ वाचले, कथा थोडक्यात सांगितली, ती चांगली असल्याचे कळविले, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ती आवडेल असा निर्वाळा दिला. आपण स्वतः दहा वर्षांचे असल्यामुळे त्या वयातून बाहेर पडलो आहोत, हे त्याने किती सावधपणे सुचविले पाहा! सप्टेंबर १९३७ मध्ये पुस्तक निघाले. पहिल्या मुद्रणाच्या १,५०० प्रती वर्ष संपण्यापूर्वीच खपल्या.

प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, आणि तो लिहून होण्यास सुमारे बारा वर्षे लागली. मधल्या काळात मुलांची गोष्ट प्रौढांची, प्रदीर्घ व गंभीर कथा होऊन बसली होती. १९५२ साली ती छापण्याचा प्रश्न आला तेव्हा तोच रेनर, आता वडिलांच्या व्यवसायात शिरलेला तरुण, हिशेब करून म्हणाला की यात एक हजार पौंड बुडण्याचा संभव आहे. परंतु पुस्तकाच्या थोरवीविषयी त्याला शंका नव्हती, आणि त्याच्या मतावर विसंबून वडिलांनी तोटा सोसण्याची तयारी दाखविली. १९५४ व १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत पुस्तक बाहेर आले. तोटा तर झाला नाहीच, उलट ते जगभर खपले. मत देणे म्हणजे कधीकधी त्याची किंमत मोजण्यास सिद्ध होणे होय, हे या हकीकतीवरून आपल्या ध्यानात येईल.

छापण्यापूर्वीच या कथेविषयी मतभेद सुरू झाले होते. टॉल्किन आपली प्रकरणे ऑक्सफर्डमधील मित्रमंडळीत वाचून दाखवीत. तेथे सी. एस. लुईस यांच्यासारखा रसिक श्रोता होता. त्याने धीर दिला नसता तर ग्रंथ पुरा झाला नसता, असे टॉल्किन स्वतः कबूल करीत. आणि त्याच मंडळीत ह्यूगो डायसन होते. त्यांना हे वाचन इतके असह्य होई की, पुढे पुढे ते उपस्थित असले म्हणजे वाचन थांबवावे लागे. दोघेही विद्वान होते व दोघेही लेखकाचे स्नेही होते. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते उगीच नव्हे.

पुस्तक निघाल्यावर हाच मतभेद वर्तमानपत्रांतून दिसू लागला. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी त्याची मनःपूर्वक स्तुती केली. आणि १९५६ साली त्यांनी असेही नमूद केले की, या पुस्तकाविषयी मध्यम मत असलेला माणूस सहसा भेटत नाही, ते कोणाला अत्युत्तम वाटते तर कोणाला मुळीच सोसत नाही. त्याच वर्षी एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने त्यावर कडक प्रहार केला. त्यांच्या मते ही मुलांची गोष्ट असून तिचा विस्तार मात्र हाताबाहेर गेला होता. तिची भाषा हौशी लेखकाची, पात्रे निर्जीव, आणि तिच्यातील दुष्टांची भीतीसुद्धा वाटत नाही. पण लक्षात घ्यावे की, विल्सन यांनी सात वर्षांच्या आपल्या मुलीला हा सारा ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविला होता, आणि ती मुलगी ‘द हॉबिट’ची निस्सीम भक्त होती. म्हणजे एकाच घरात, एकाच दिव्याखाली, दोन मते नांदत होती. विल्सन यांचे मत मला पटत नाही, परंतु त्याला मी मान देतो. कारण त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले, दोष कोणते ते सांगितले आणि मग निकाल दिला.

याबाबतीत स्वतः लेखकाची भूमिका काय होती? १९६५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी एक मौजेची गोष्ट सांगितली आहे. जो भाग एका वाचकाला डागासारखा वाटतो तोच दुसऱ्याला विशेष पसंत पडतो, असे त्यांना आढळून आले. वाचकांनी दाखविलेल्या दोषांपैकी एकच त्यांना मान्य होता. तो म्हणजे पुस्तक फार लहान आहे हा! विनोद बाजूला ठेवला तरी त्याच प्रस्तावनेत एक मोलाचा विचार आहे. ही मुद्रिका म्हणजे अणुबाँब होय, ही कथा म्हणजे दुसरे महायुद्ध होय, असे अर्थ अनेकांनी काढले होते. टॉल्किन यांनी ते नाकारले. तथापि आपल्या अनुभवाशी कथेचा मेळ घालून पाहण्याची वाचकाची मोकळीक त्यांनी काढून घेतली नाही. लेखकाने एकच अर्थ वाचकावर लादणे निराळे, आणि वाचकाने आपल्या आयुष्याला ती कथा लावून पाहणे निराळे, असा भेद त्यांनी केला. वाचकाच्या हक्काची याहून सुबोध सनद माझ्या वाचनात आलेली नाही.

वाचकांचे मत कधी शब्दांपुरते न राहता कृतीतही उतरते. १९६५ साली अमेरिकेतील एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने लेखकाची परवानगी न घेता ही कादंबरी स्वस्त आवृत्तीत काढली आणि त्याला मोबदला दिला नाही. टॉल्किन आपल्या वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत असत. त्या उत्तरांतून त्यांनी ही गोष्ट कळविण्यास आरंभ केला. वाचकांनी ती एकमेकांना सांगितली, अनधिकृत प्रती घेण्याचे टाळले, आणि अखेर १९६६ साली त्या संस्थेने मोबदला देऊन ती आवृत्ती पुन्हा न छापण्याचे मान्य केले. अधिकृत आवृत्ती महाग होती, तरी लोकांनी तीच पत्करली.

पुढे मतांची मोजदादही झाली. १९९७ साली ब्रिटनमध्ये पंचवीस हजारांहून अधिक वाचकांचा कौल घेण्यात आला. त्यात शतकातील ग्रंथांत याला पहिले स्थान मिळाले. २००३ साली बी.बी.सी.ने घेतलेल्या कौलातही हाच ग्रंथ पहिला आला. त्यावर काही पंडितांनी कपाळाला हात लावला. मला वाटते, दोन्ही पक्षांनी थोडे सबुरीने घ्यावे. हात किती वर झाले यावरून पुस्तक किती आवडते ते समजते. ते का आवडते हे जाणून घ्यावयाचे तर त्यांतील एकेकाला जवळ बसवून विचारले पाहिजे.

असे जवळ बसवून विचारण्यात मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि ती चूक आज सांगितल्याशिवाय माझे भाषण पुरे व्हावयाचे नाही. अनेक वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला मी ‘मला आवडलेले पुस्तक’ हा निबंध घातला होता. एका मुलाने नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या १९१३ सालच्या अद्भुत कादंबरीवर लिहिले. त्यातला एक प्रसंग वाचून रात्री पाणी पिण्यास उठण्याचे आपल्याला धैर्य झाले नाही, आणि तरीही सकाळी तोंड धुण्यापूर्वी तेच पुस्तक उघडले, असे त्याने लिहिले होते. मी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि ‘विषय उदात्त निवडावा’ असा शेरा मारला. पुढच्या खेपेस त्याने एका थोर ग्रंथावर निबंध आणला. तो त्याने वाचला नव्हता. मजकूर बाजारी मार्गदर्शकातून उतरविलेला होता. हे मला समजत होते, श्रोतेहो, आणि तरी मी त्याला वर्गात सर्वांत अधिक गुण दिले. खरे मत दिले तर शिक्षा व खोटे दिले तर बक्षीस, हा धडा मी त्याला शिकविला. त्यानंतर वर्गात त्या मुलाने मत म्हणून काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

म्हणून नातवाने पुस्तक हाती दिले तेव्हा मी ते शेवटपर्यंत वाचण्याचा निश्चय केला. त्यातील गाणी व वंशावळी मला लांबल्यासारख्या वाटल्या; नातवाला त्याच सर्वांत प्रिय, आणि नकाशे तर तो बोटाने गिरवीत बसतो. मला जे भिडले ते शेवटी. इतके कष्ट सोसून अग्निपर्वताच्या कडेवर पोहोचलेला फ्रोडो ऐन वेळी मुद्रिका टाकू शकत नाही. ती आपलीच म्हणतो. तिचा नाश होतो तो गॉलम नावाच्या एका भ्रष्ट, दुबळ्या जिवामुळे. तो ती हिसकावून घेतो आणि तिच्यासह आगीत पडतो. या गॉलमला मारण्याची संधी पूर्वी अनेकदा आली असता दयेने जिवंत सोडलेले असते. पात्रे निर्जीव आहेत या विल्सन यांच्या मताला माझे उत्तर हा प्रसंग आहे. नातवाला मी हे सांगितले तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, “आजोबा, माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.” वंशावळींचा उपयोग मला त्याने त्यानंतर समजावून दिला, आणि त्या पुन्हा पाहण्याचे मी कबूल केले.

तात्पर्य, आपल्या घरात पुस्तकाविषयी बोलणे निघेल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पुस्तक पुरते वाचले आहे काय? आवडनिवडीचे कारण म्हणून त्यातले एखादे स्थळ दाखविता येईल काय? आणि समोरच्याने दुसरे स्थळ दाखविले तर आपण ते उघडून पाहू काय? घरातील सर्वांत लहान वाचकालाही हे प्रश्न विचारावेत, त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे, आणि तोपर्यंत तांबडी पेन्सिल खिशातच ठेवावी.