पोपड्यांच्या मागे

जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याच्या पावसात भिजतो. आळेफाटा ओलांडून कल्याण-नगर रस्त्यानं राजुरीकडे यावं तसा पाऊस आटत जातो. म्हणजे इथल्या भिंतींना ओलीचा त्रास नसावा. पण आहे, आणि चांगलाच आहे. इथलं पाणी आभाळातून कमी आणि खालून, बाजूनं जास्त येतं : न्हाणीच्या मोरीतून, भिंतीत गाडलेल्या गळक्या पाइपातून, घराला पाठ लावून उभ्या असलेल्या गोठ्यातून.

राजुरीच्या परिसरात दुधाचा धंदा मोठा, त्यामुळे गोठा घराला लागूनच. जनावरांच्या मुतातले क्षार वर्षानुवर्षं जोत्यात मुरतात, पाण्याबरोबर विटांतून वर चढतात आणि भिंत वाळताना गिलाव्याच्या आत त्यांचे स्फटिक होतात. स्फटिकांना जागा लागते. ती ते गिलावा फोडून करतात. लोणा लागला म्हणतात तो हाच. पूर्वी बंदुकीच्या दारूचा सोरा अशाच गोठ्यांच्या आणि पडक्या वस्त्यांच्या मातीतून काढत, तेव्हा त्या पांढऱ्या बुरशीसारख्या थराला हलकं लेखू नये.

त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण ओल्या फडक्यानं भिंत पुसतात. त्यानं लोणा विरघळून परत आत जातो, एवढंच. तो कोरड्या ब्रशनं झाडायचा, सुपलीत गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. पण त्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. जुन्या हाताचा कारागीर खरवडायच्या पत्र्याला हात घालण्याआधी मोरी बघून येतो, गच्चीचा उतार बघतो, बाहेरून जोत्याशी मातीचा भराव चढलाय का ते पाहतो. एक सोपी परीक्षाही आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेत; मग खिडकी उघडा, भिंत फोडू नका.

जुन्या घरांची गोष्ट निराळी. खाली दगडी जोतं, वर विटा किंवा मातीची भिंत, सांध्यात मातीचा गारा, आतून भुसा घालून तुडवलेल्या चिखलाचं लिंपण आणि त्यावर चुन्याचे हात. ही भिंत पाणी ओढते तसं सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की सोडायची वाट बंद होते. ओल मग कमरेवरून छातीपर्यंत चढते आणि काही पावसाळ्यांनी सिमेंटचा अख्खा पापुद्रा, आतली माती घेऊनच, खाली येतो. मातीच्या भिंतीला मातीचं आणि चुन्याच्या भिंतीला चुन्याचंच ठिगळ लागतं. ‘सिमेंट म्हणजे पक्कं’ ही समजूत जेवढ्या जुन्या भिंतींना भोवली, तेवढा पाऊसही भोवला नसेल, असं मला वाटतं.

जुन्या भिंतीवर परका, पक्का थर चढवायची ही चूक फक्त गावच्या गवंड्याची नव्हे. अजिंठ्याची चित्रं सांभाळायला निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते चांगलंच झालं. पण चित्रांवर लाखेचं वॉर्निशही चढवलं. ते पुढे पिवळं पडलं, तडकलं, आणि ते उतरवण्याचं किचकट काम नंतरच्या पुरातत्त्व रसायनतज्ज्ञांच्या गळ्यात पडलं.

ओलीनंतर तडे. त्यांचं मूळ राजुरीच्या शिवारातच सापडतं. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते; चैत्र-वैशाखात रानाला पडतात त्या भेगा हेच सांगतात. अशा जमिनीवर उथळ पाया घातला की घर वर्षातून एकदा हलतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. तो जिवंत आहे की थांबलेला, हे आधी कळायला हवं. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटच्या दोन टिकल्यांनी बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच फुटली तर तडा चालू आहे; भेग बुजवायची लांबी भरून उपयोग नाही, पायाकडे बघा. थांबलेला असेल तर पत्र्याच्या टोकानं तो उकरून रुंद करायचा, धूळ काढायची, पाणी मारायचं आणि मग भरायचा. न उकरता वरून पुसलेली लांबी पुढच्या उन्हाळ्यात तडा जसाच्या तसा परत दाखवते. खांब आणि वीट यांच्या सांध्यावर मात्र जाळी ठोकल्याशिवाय गत्यंतर नाही.

पोकळ गिलावा हातोडीच्या दांड्यानं वाजवून ओळखतात. भद्द वाजला तेवढा पाडायचा, कडा सरळ कापायच्या, विटा भिजवायच्या. जुना चुना किंवा डिस्टेंपर तळव्याला पीठ लागायचं थांबेपर्यंत खरवडायचा, कारण पुट्टी भिंतीला धरते, भुकटीला नाही. पुट्टीचे दोन हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास; खड्डा बुजवायचं काम तिचं नव्हे. शेवटी काळोखात भिंतीला चिकटवून तिरका बल्ब धरतात. दिवसा गुळगुळीत वाटणारी भिंत त्या उजेडात सगळे उंचवटे दाखवते, आणि रंगारी पेन्सिलीनं गोल करत जातो.

अडचण पंचांगाची आहे. नव्या सिमेंट गिलाव्याला सात दिवस पाणी आणि रंगाआधी साधारण चार आठवडे वाळायला हवेत. दसरा ते दिवाळी असतात वीस दिवस, आणि घराघरांत काम निघतं ते दसऱ्यानंतरच. म्हणून जाणता गवंडी डागडुजी उन्हाळ्यात उरका, रंग दिवाळीला लावा, असं सांगतो. ऐकतं कोण? पैशाचा हिशेबही आडवा येतो. गिलावा ब्रासवर मोजतात, रंग चौरस फुटावर. खरवडणं, झाडणं, वाट बघणं यांना माप नाही. त्याची मजुरी रोजावर पडते आणि ठेका घेतलेल्या माणसाला तीच सर्वात आधी वाचवावीशी वाटते. अंगावर ठेका द्यायचाच असेल तर खरवडणं, भराव आणि वाळवण यांचा दर बोलीतच वेगळा लावून घ्यावा.